सीलबंद डबा, आत वापरलेल्या पुंगळ्या: स्वस्त .२२३ काडतुसांत झालेली फसवणूक

.२२३ या मापाच्या रायफलची एक हजार काडतुसं. वीस-वीसचे पन्नास डबे, सगळ्यांवर एकच लॉट नंबर, सील शाबूत, वर छापलेलं: ५५ ग्रेन (हे गोळीचं वजन), नवा कारखाना माल. भाव नेहमीपेक्षा पाचातला एक भाग कमी. त्यातल्या १६३ काडतुसांचा हिशेब असा: ९ उडालीच नाहीत, ४ पुंगळ्यांच्या (दारू भरायच्या पितळी नळकांड्यांच्या) माना चिरल्या आणि १ गोळी नळीत अडकली. उरलेली ८३७ मी उडवलेलीच नाहीत. कुणीतरी उडवलेल्या पुंगळ्या गोळा करून, घासूनपुसून, परत भरून 'नवा माल' म्हणून माझ्या गळ्यात मारल्या.

पहिला डबा उघडला तेव्हाच हे कळायला हवं होतं, आणि तेच सर्वांत जास्त खुपतं. वीस पुंगळ्यांच्या बुडावर तीन वेगवेगळे शिक्के होते. कारखान्याचा एक लॉट एकाच शिक्क्याचा असतो. त्यातल्या सात पुंगळ्यांवर वर्तुळातला क्रॉस, म्हणजे नाटोचा लष्करी माल. लष्करी पुंगळीत टोपी, म्हणजे बुडात बसवलेली दारू पेटवणारी छोटी वाटी, हलू नये म्हणून तिच्याभोवतीचं पितळ दाबून घट्ट करतात आणि त्याचं बारीक कडं किंवा दाबल्याचे ठसे दिसतात. इथे ते नव्हते. त्या जागी तासलेली तिरकी कड होती आणि मधे चकचकीत नवी टोपी. पितळ दाबलेलं असेल तर ते तासल्याशिवाय दुसरी टोपी नीट बसत नाही. पहिली टोपी केव्हाच उडून गेल्याचा पुरावा माझ्या हातात होता आणि मी त्याला कारखान्याचं फिनिशिंग समजलो.

मी या विषयात नवखा नाही. पण सील जागेवर, छपाई अस्सल, बिलावर 'नवीन' असं स्वच्छ लिहिलेलं. अशा वेळी एकेका काडतुसाच्या बुडाला भिंग कोण लावतं? आता मी लावतो. तुम्हीही लावा. बुडाच्या कडेवर एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचा) ओरखडा किंवा बुडावर इजेक्टरचा (ती बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकाकता ठसा दिसला, तर ते काडतूस परत करा. नव्या मालावर हे ठसे असायचं कारणच नाही.

चकाकीला भुलू नका. लष्करी पुंगळीच्या मानेवर तापवल्याचा निळसर-तपकिरी डाग मुद्दाम राहू देतात. शिक्का लष्करी आणि डाग गायब, म्हणजे पुंगळी घासलेली आहे. इतर कारखाने मात्र स्वतःच घासून देतात, तिथे ही खूण लावू नका. चुंबक चिकटला म्हणजे माल खोटा, हेही चूक. स्वस्त गोळ्यांत बऱ्याचदा तांब्याच्या पातळ थराखाली पोलाद असतं, त्याचा भरण्याच्या दर्जाशी संबंध नाही.

टोपीवरून बोट फिरवा. ती बुडाच्या पातळीत किंवा केसभर आत हवी. वर आलेली टोपी सेमी-ऑटोमध्ये (पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या रायफलीत) बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दट्ट्या, आदळताच, ट्रिगर न ओढताही उडू शकते. नंतर कॅलिपर घ्या. .२२३ ची पूर्ण लांबी २.२६० इंचांच्या (५७.४० मिमी) पुढे जाता कामा नये. माझ्या पहिल्या दहांतच ०.०३० इंचाचा फरक होता. पुंगळी बाजूने धरून, टोपीला काही लागणार नाही असं बघून, गोळीचं टोक लाकडावर दाबलं तर तीन गोळ्या आत सरकल्या. गोळी आत गेली की दारूची जागा आक्रसते आणि दाब वाढतो. सरकलेलं काडतूस उडवू नका.

वजनकाट्यावर विसंबू नका. आत दारू साधारण २५ ग्रेन, म्हणजे १.६ ग्रॅम. वेगवेगळ्या शिक्क्यांच्या पुंगळ्यांच्या वजनातच काही ग्रेनचा फरक असतो, त्यामुळे चतुर्थांश दारू कमी असली तरी काट्याला पत्ता लागत नाही. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ मात्र सांगतो. डब्यावरचा ३२४० फूट प्रतिसेकंद हा वेग २४ इंची नळीचा असतो. आखूड नळीत तो कमीच येणार, त्यावरून भांडू नका. फरक बघा. माझ्या दहा गोळ्यांत सर्वांत मंद २६१०, सर्वांत वेगवान २९२०. चांगल्या स्वस्त मालात तो शंभराच्या आसपास राहतो.

आणि ती अडकलेली गोळी! धडाक्याऐवजी नुसतं 'फट्', खांद्याला धक्का नाही, पुंगळी बाहेर पडली नाही. अशा वेळी बोल्ट मागे ओढून पुढची गोळी मारायचा मोह जिवावर बेततो, नळी फाटते. थांबा, रायफल रिकामी करा, नळीतून दांडा घालून बघा. टोपी वाजलीच नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं.

विक्रेत्याने हात झटकले: "सील कारखान्याचं, आम्ही काय करणार?" कारखान्याच्या प्रतिनिधीने लॉट नंबर ऐकून सांगितलं की विक्रेत्याकडे जा. परवान्याच्या कार्यालयात म्हणाले, हा ग्राहकाचा वाद. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर म्हणाले, दारूगोळ्याचा विषय, पोलिसांकडे जा. पोलिसांना आधी माझाच परवाना आणि माझाच साठा तपासायचा होता! टोपीभोवतीची तासलेली कड मी भिंगाखाली दाखवत होतो आणि समोरच्याने मान वर करून बघितलंही नाही. एवढ्या ठिकाणी खेटे घातल्यावर एक लेखी उत्तर मिळालं: तपासणीसाठी मूळ सीलबंद डबा सादर करावा. सील फोडल्याशिवाय फसवणूक दिसत नाही आणि फोडलं की तक्रार ऐकत नाहीत.

म्हणून पहिला डबा उघडताना सलग चित्रीकरण करा, लॉट नंबर आणि बुडाचे शिक्के त्यात स्पष्ट दिसू द्या आणि त्याच लॉटचा एक डबा तसाच ठेवा. माझ्याकडे न फोडलेले एक्केचाळीस निघाले. त्यातला एक मी पोच घेऊन जमा केला आहे.