ग्लिसरिनमधले स्नायुतंतू: एका प्रयोगसंचाचे परीक्षण

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निर्देशांनंतर प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून बेडूक हद्दपार झाला, तेव्हापासून स्नायूचे आकुंचन विद्यार्थ्यांना दाखवायचे कसे, हा प्रश्न आमच्या विभागापुढे होता. संगणकाच्या पडद्यावर हलणारी रेघ पाहून समाधान होत नसल्याने या वर्षी आम्ही ग्लिसरिनमध्ये टिकवलेल्या तंतूंचा तयार संच मागवला. पुरवठादाराचे नाव देत नाही, कारण पुढे त्याच्याविषयी काही तक्रारी आहेत.

संचात सशाच्या सोआस (कमरेच्या) स्नायूचे, काडीला बांधून 50 टक्के ग्लिसरिनमध्ये बुडवलेले जुडगे आणि द्रावणांच्या तीन कुप्या असतात. पहिलीत ऊर्ध्वपातित पाण्यातील एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू), दुसरीत एटीपीसोबत पोटॅशियम क्लोराइड व मॅग्नेशियम क्लोराइड, आणि तिसरीत नुसते हे दोन क्षार. ही पद्धत जीवरसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी 1949 साली मांडली. ग्लिसरिनमुळे तंतूचे पटल निकामी होते आणि आतले विद्राव्य पदार्थ निघून जातात, मात्र अ‍ॅक्टिन व मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनांची रचना जागच्या जागी राहते. त्यामुळे काचपट्टीवर जो थेंब टाकावा, तोच थेट तंतूच्या आतला द्रव होतो. संचाची सगळी किंमत याच एका गोष्टीत आहे, असे माझे मत आहे.

सुईने धागे सोडवून 0.2 मिलिमीटरपेक्षा बारीक तंतू वेगळा करण्याचे काम जिकिरीचे आहे; जाड जुडग्यात द्रावण मध्यापर्यंत पोहोचत नाही आणि कडा तेवढ्या आखडतात. तंतू नीट सुटला, की दुसऱ्या कुपीच्या थेंबात तो काही सेकंदांत डोळ्यांदेखत आखडतो. पहिल्या कुपीत हालचाल नगण्य, तिसरीत मुळीच नाही. संचाची माहितीपत्रिका येथेच थांबते आणि ‘आकुंचनासाठी एटीपी लागते’ एवढाच निष्कर्ष काढते, हे मला अपुरे वाटते, कारण पहिल्या कुपीतही एटीपी होतेच. मायोसिनला एटीपी मॅग्नेशियमशी जोडलेल्या रूपातच वापरता येते, आणि पोटॅशियम क्लोराइडची संहती (द्रावणातले प्रमाण) हीदेखील योग्य मर्यादेत असावी लागते.

म्हणून आम्ही कुप्यांबाहेर जाऊन एटीपी व मॅग्नेशियम तेवढेच ठेवले आणि पोटॅशियम क्लोराइड वाढवत नेले. 0.05 मोलर द्रावणात तंतू जोमाने आखडला. संहती वाढवत गेलो तसतसे आकुंचन मंदावले, कारण आयन जितके दाट, तितकी मायोसिन व अ‍ॅक्टिनची पकड सैल पडते. 0.6 मोलरच्या आसपास तर मायोसिनच विरघळून तंतूबाहेर पडू लागते आणि मग आकुंचनाचा प्रश्नच उरत नाही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, सूक्ष्मदर्शकाच्या तापलेल्या दिव्याखाली थेंब आटून संहती आपोआप वाढते, हे एका गटाच्या बिघडलेल्या निरीक्षणांवरून आमच्या लक्षात आले. खरे सांगायचे तर त्या दिवशी वर्गात सर्वांत चांगली चर्चा त्यावरच झाली.

संचाची एक मर्यादा मात्र विद्यार्थ्यांना आधीच सांगावी. पटल नसल्यामुळे येथे परासरणाचा (पटलातून पाणी आत-बाहेर जाण्याचा) परिणाम जिवंत तंतूसारखा दिसत नाही. बाहेरचा द्रव दाट झाला, की जिवंत तंतूतील पाणी बाहेर जाते, तो आक्रसतो आणि आतले आयन दाटतात. हॉजकिन आणि होरोविच या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 1957 साली बेडकाच्या एकेकट्या तंतूवर दाखवून दिले, की पुरेशा दाट द्रावणात विद्युत्संदेश टिकून राहतो, पण झटका, म्हणजे क्षणिक आकुंचन, मात्र उमटत नाही. हे या संचाने दाखवता येणार नाही.

आता दोष. कुप्यांवर केवळ अ, ब, क अशी अक्षरे असून एकाही द्रावणाची संहती छापलेली नाही. ज्या प्रयोगाचा प्राणच संहती आहे, त्यात ही हयगय अक्षम्य आहे. विचारणा केल्यावर आकडे चार दिवसांनी फोनवर मिळाले. पार्सल बर्फाविना आले आणि एटीपीच्या एका कुपीत जोर उरलेला नव्हता, कारण उबेत एटीपीचे विघटन होत जाते. पत्रिकेत कॅल्शियमचा उल्लेखही नाही. प्रत्यक्षात पाण्यात व काचेवर असलेल्या त्याच्या अंशमात्र अस्तित्वावरच ही तिन्ही द्रावणे चालतात, कारण आकुंचनाला लिटरमागे काही मायक्रोमोल कॅल्शियम पुरते. इंग्रज वैद्य सिडनी रिंगर यांना 1880 च्या दशकात लंडनच्या नळाच्या पाण्याने हाच चकवा दिला होता: त्यांच्या द्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राहिले, ते पाण्यातल्या कॅल्शियममुळे.

मागवायचाच असेल, तर डिसेंबर-जानेवारीत मागवावा, संहतीचे आकडे लेखी घ्यावेत, एटीपी कोरडी भुकटी म्हणून वेगळे घेऊन प्रयोगाच्या सकाळी विरघळवावे, आणि तंतू काचपट्टीवर ठेवण्यापूर्वी त्यावरचे ग्लिसरिन टिपकागदाने हलकेच टिपून घ्यावे. नाहीतर पहिल्याच थेंबाची संहती बदललेली असते.