लॅब्राडोरसह भाड्याचं घर: टॉवरमधला फ्लॅट की रो-हाउस?
पुण्यात जरा ऐसपैस घर शोधताना प्रश्न शेवटी दोन पर्यायांवर येतो: बाणेर-बालेवाडीच्या क्लब हाउसवाल्या सोसायटीतला वरचा फ्लॅट, की बावधन-पाषाणकडचं अंगण असलेलं रो-हाउस.

फ्लॅटमध्ये वॉचमन, जनरेटर, लिफ्ट सगळं हाताशी. पण कुत्र्याला शूसाठी प्रत्येक वेळी खाली न्यायचं, मध्यरात्रीसुद्धा. पिल्लू किंवा म्हातारं कुत्रं असेल तर हे फार जड जातं. शिवाय त्या गुळगुळीत टाइल्स! खुब्याचं दुखणं असलेल्या लॅब्राडोरचे त्यावर हाल होतात, सतरंज्या अंथराव्याच लागतात. मांजर असेल तर मात्र फ्लॅटच घ्या, बाल्कनीला जाळी लावून.

रो-हाउसला दार उघडलं की माती. पावसाळ्यात चिखल, गोचीड आणि टेकडीजवळ सापांची भीती, हे धरूनच चाला. तरी मोठ्या कुत्र्यासाठी मी रो-हाउसच निवडेन.

कागदपत्रांत मोठा फरक नाही. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना सांगतात. घरमालक मात्र आधीच नकार देऊ शकतो. म्हणून तोंडी ‘चालेल हो’वर विसंबू नका, लिव्ह अँड लायसन्स करारातच कुत्र्याचा उल्लेख करून घ्या. महाराष्ट्रात ११ महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, तेव्हा ही ओळ त्यात घालायला वेगळा खटाटोप पडत नाही.