भिगवणचं पाणी की कडबनवाडीचा माळ? पहाट एकच असते

पुण्याहून निघायचं, पक्षी बघायचे आणि रात्री जेवायला घरी यायचं, असं मित्रांत ठरलं की सोलापूर रस्त्याचं नाव निघतंच. मग वाद सुरू होतो. भिगवणला होडीत बसायचं की पुढे जाऊन कडबनवाडीच्या माळावर शिरायचं? दोन्ही जागा इंदापूर तालुक्यातच आहेत, त्यामुळे कुणीतरी म्हणतंच, "अरे, दोन्ही करू की!" आम्ही तीनदा करून पाहिलं. पक्षी खऱ्या अर्थाने मिळतात ते उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत, आणि ती वेळ दोन्हीकडे हवी असते. तिन्ही वेळा पाण्यावरून लवकर उठलो आणि माळावर उशिरा पोचलो. म्हणून हे लिहितोय. तुम्हाला पहाट एकाच ठिकाणी घालवायची असेल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

आम्ही पाच जण आहोत, एक गाडी, आणि गेली सात-आठ वर्षं दर हिवाळ्यात निदान दोनदा या रस्त्याला येतो. आता आम्ही यादी वाढवायला जात नाही, एखादा दुर्मीळ किंवा सहज न दिसणारा पक्षी ठरवून शोधायला जातो. तुम्ही पहिल्यांदाच दुर्बीण घेऊन निघाला असाल तर पुढचं सगळं थोडं वेगळ्या नजरेने वाचा.

आधी पाणी. भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा, त्यामुळे तिथे पक्षी किती आहेत हे धरणाच्या पातळीवर ठरतं. पूर्ण भरलं की धरणात ११७ टीएमसी पाणी असतं, आणि चांगला पाऊस झालेल्या वर्षी नोव्हेंबरात कुंभारगावच्या काठावर पाणी नुसतं तुडुंब दिसतं. रोहित पक्ष्याला गुडघाभर पाणी आणि खाली चिखल लागतो. धरणातून खाली सोलापूरकडे पाण्याची आवर्तनं सुटायला लागली, काठ उघडे पडले, मधे चिखलाची बेटं वर आली, की मग ते जमतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जाऊन हिरमुसून आलेली माणसं पुष्कळ भेटतात. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत जा, आणि निघायच्या दोन दिवस आधी नावाड्याला फोन करून एवढंच विचारा, "पाणी किती उतरलंय?" तारखेपेक्षा त्याच्या उत्तरावर भरवसा ठेवा.

पाणी योग्य पातळीला असेल तर भिगवणची सकाळ डोळे भरून टाकते. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, धुक्यातून उतरताना ऐकू आधी येतात, दिसतात नंतर. हिमालय ओलांडून आलेला हा पक्षी आपल्यापासून तीस पावलांवर चिखलात चरतोय, याची सवय मला अजून झालेली नाही. चक्रवाक बदकं जोडीजोडीने असतात. चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी एका रांगेत मान डावी-उजवी हलवत पुढे सरकतात. परतताना भादलवाडीच्या तलावावर थांबलात तर झाडांवर चित्रबलाक करकोच्यांची वसाहत असते. पहिल्यांदा येणाऱ्याचं एका सकाळीत मन भरतं. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीने तिच्या बाबांना आणलं होतं. पंचाहत्तरीचे गृहस्थ होडीत बसून दोन तास एक शब्द बोलले नाहीत, आणि उतरताना म्हणाले, "पुढच्या वर्षी परत."

पण यातलं काहीच दुर्मीळ नाही. पाण्यावर दुर्मीळ पक्षी असतो तो गर्दीत लपलेला. तपकिरी डोक्याचे दीडशे कुरव (इंग्रजीत गल) बसलेत आणि त्यांत एखादा पल्लासचा कुरव आहे. तो शोधायचा तर थव्यातला एकेक पक्षी दुर्बिणीखालून सरकवावा लागतो, सावकाश, पाखडलेल्या तांदळातला खडा शोधावा तसा. पल्लासचा कुरव अंगाने चांगलाच मोठा, चोच पिवळी आणि टोकाजवळ काळा-लाल पट्टा. फेब्रुवारी संपता संपता त्याचं डोकं कुळकुळीत काळं होतं. मोठा असूनही तो झोपून बसला असेल तर नुसती राखाडी पाठ दिसते, म्हणून वेळ हवा. आणि नेमका वेळच पाण्यावर मिळत नाही.

माझा कौल ज्या सकाळी फिरला ती सांगतो. फेब्रुवारीतला रविवार होता. आमच्या नावाड्याने इंजिन बंद करून होडी बांबूने रेटत रेटत एका चिखलबेटापाशी नेली होती. घाई नाही, आवाज नाही, थव्याकडे सरळ न जाता तिरकं. मच्छीमार घरात वाढलेल्या माणसाला पक्षी कधी बिथरतो हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. चाळीस मिनिटं लागली होती. थव्याच्या पलीकडच्या कडेला एक मोठा कुरव बसला होता, डोकं पंखात खुपसलेलं. आम्ही पाचही जण तो डोकं कधी काढतो याची वाट बघत होतो. त्याने चोच अर्धी बाहेर काढली, आणि उजव्या हाताने एक होडी इंजिन चालू ठेवून सरळ बेटावर आली. त्यात मोठ्या लेन्सा लावून तिघे उभे होते आणि एक जण नावाड्याला सांगत होता, "उडव, उडव, उडतानाचा पाहिजे." सगळं बेट वर उठलं. कुरव, छोटे चिखल्या पक्षी, मागचे रोहितसुद्धा. पुन्हा उतरले ते समोरच्या काठावर, अर्ध्या किलोमीटरवर. आमच्या पक्ष्याची चोच पूर्ण कुणालाच दिसली नाही, वहीत त्याची नोंद होऊ शकली नाही.

हे एकदाच झालं असतं तर मी विसरलो असतो. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारच्या फेरीत थोड्याफार फरकाने हेच झालंय. नावाड्यांना दोष देणं मला पटत नाही. गिऱ्हाईक मागतं ते त्यांना द्यावं लागतं, आणि न उडवता दाखवणारे नावाडी तिथे आहेत, मी त्यांच्याच होडीत बसतो. पण आपण कितीही जपून गेलो तरी शेजारची होडी आपल्या हातात नसते. मला राग फोटो हुकल्याचा नाही. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी इथे खायला आणि विसावायला आलाय. सकाळी आठच्या आत त्याला पाच-सहा वेळा उठवणं हे बघवत नाही. मंगळवारी-बुधवारी गेलात तर कदाचित तुमचा अनुभव अगदी वेगळा असेल. आमच्या पाच जणांची रजा एका दिवशी जुळत नाही.

आता माळ. भिगवणच्या पुढे इंदापूरच्या बाजूला, हमरस्ता सोडून आत. कडबनवाडीला आता वनविभागाची गवताळ सफारी आहे. नोंदणी आधी करायची, सोबत मार्गदर्शक घ्यायचा आणि गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवायची. पहिल्यांदा गेलेल्याला वाटतं इथे काहीच नाही. पिवळं पडलेलं गवत, मधे खडकाळ मोकळी जमीन, लांबवर एखादी बाभूळ. आम्ही पहिल्या वेळी दीड तासात डोंबारी नावाचे चिमणीएवढे पक्षी, माळटिटवी आणि एक चिंकारा एवढंच पाहिलं होतं आणि गाडीत गप्प बसलो होतो.

मित्रांबरोबर जायचं तर माळाचा एक मोठा फायदा मला त्याच दिवशी कळला. होडीत सगळे एकाच दिशेला बघतात, नावाडी बोट दाखवतो तिकडे. माळावर चार खिडक्या म्हणजे चार दिशा, आणि प्रत्येकाकडे आपली दिशा. कुणी "थांब!" म्हटलं की गाडी थांबते, इंजिन बंद होतं, मग पाचही जण त्या एका ठिपक्यावर. शोध सगळ्यांचा होतो.

धाविक, म्हणजे माळावर जमिनीवरच धावणारा लहान पक्षी, आम्हाला असाच सापडला. डाव्या खिडकीतून मैत्रीण म्हणाली, "ते ढेकूळ हललं." आम्ही बघितलं, ढेकूळ जागेवर. दहा सेकंदांनी ते सात-आठ पावलं तुरुतुरु धावलं आणि पुन्हा ढेकूळ झालं. धाविकाची हीच रीत. धावायचं, थांबायचं, कमरेत वाकून एक टोच मारायची, परत ताठ उभं राहायचं. थांबला की नांगरटीच्या मातीत विरघळतो. दुर्बिणीत स्थिर झाला तेव्हा डोळ्यातून मागे गेलेली काळी रेघ, तिच्यावर पांढरी भुवई आणि छातीचा विटकरी रंग, असं एकेक दिसत गेलं. पंचवीस मिनिटं आम्ही तिथे होतो. तो गाडीपासून वीस पावलांवर आला आणि आमच्याकडे लक्ष न देता पलीकडे गेला. तेवढ्या वेळात दुसरी एकही गाडी आली नाही.

भोवत्या या शिकारी पक्ष्याचंही तसंच. हिवाळ्यात माँटेग्यूचा आणि पांढुरका असे दोन्ही भोवत्या या माळांवर येतात. नर ओळखायला सोपे. माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं मात्र तपकिरी, आणि दोन्ही जातींत इतकी सारखी की मानेवरचा फिका पट्टा नीट दिसल्याशिवाय बोलू नये. पक्षी गवतावरून हातभर उंचीने तरंगत येतो, वळतो, परत येतो. तो तीन-चार वेळा समोरून जाईपर्यंत शांत बसता आलं तरच निकाल लागतो. माळावर तसं बसता येतं. सूर्य वर आल्यावर एखाद्या लहानशा पाणवठ्यापाशी, बऱ्याच अंतरावर, गाडी लावून ठेवा. कबुतरासारख्या दिसणाऱ्या पखुर्ड्या पाण्याला येतात. उन्हाळ्यात याच पखुर्डीचा नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांना पाणी नेतो, हे वाचून माहीत होतं. पण तो पाण्यात पोट टेकवून बसलेला समोर बघितला तेव्हा गाडीत कुणी हललं नाही.

माळाचे त्रासही आहेतच. दहानंतर हवा थरथरायला लागते आणि शंभर पावलांवरचा पक्षी दुर्बिणीत उकळल्यासारखा दिसतो, तेव्हा दिवसाचा पहिला भाग संपला असं समजा. सावली नाही. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय जवळपास नाही, ते निघतानाच बोलून घ्या. कुंभारगावात घरगुती राहण्याजेवणाची सोय असलेल्या घरांमुळे हा प्रश्न येत नाही. आणि माळावर काहीच न दिसण्याची तयारी लागते. आमच्या बारा-तेरा फेऱ्यांत धाविक निम्म्यापेक्षा कमी वेळा दिसला, लांडगा फक्त दोनदा. माळढोकाची आशा तर धरूच नका. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं, आणि तिथेही आता तो दिसणं फार कठीण झालंय. माळाला पडीक म्हणून चर खणले, झाडं लावली, ऊस पोचला की काय होतं, ते माळढोकाने दाखवलंय. धाविकावर तीच पाळी येऊ नये असं मनापासून वाटतं, आणि म्हणूनही वाटतं की चार माणसांनी पैसे भरून हे गवत बघायला यावं.

तेव्हा, आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील, कुणी पहिल्यांदाच येत असेल किंवा आठवड्यातला मधला दिवस मिळत असेल, तर पाण्यावर जा. तुम्हाला पश्चात्ताप होईल असं मला वाटत नाही. होडीत लाइफ जॅकेट मात्र अंगात घालूनच बसा. मे २०२४ मध्ये याच उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळात उलटून सहा जण बुडाले. वारा सुटला असेल आणि नावाडी नको म्हणाला, तर आग्रह करू नका. ज्यांना एकच पक्षी शोधायचाय आणि सापडला तर त्याच्यापाशी थांबायचंय, त्यांना मी तरी माळच सुचवेन.

आमचा क्रम आता असा बसलाय. हडपसर पहाटे चारला, पाटसला चहा, उजाडताना माळावर. खिडकीच्या कडेवर टेकवायला तांदळाची लहान पिशवी, तिच्यावर लेन्स हलत नाही. साडेदहाला बाहेर, भिगवणला चिलापी माशाचं जेवण. उन्हं कलल्यावर डिकसळच्या जुन्या पुलाच्या बाजूला, काठावरूनच, होडी न घेता. स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, तिकाटण्यावर लावला की लांबच्या बेटावरचे कुरव एकेक करून बघता येतात, आणि त्या वेळी बहुतेक होड्या काठाला लागलेल्या असतात. पल्लासचा कुरव शेवटी मला तिथूनच दिसला, गेल्या मार्चमध्ये, सव्वापाच वाजता. डोकं पूर्ण काळं, चोचीवरचा पट्टा स्पष्ट. पाचही जणांनी आळीपाळीने पाहिला, आणि तो अंधार पडेपर्यंत तिथेच बसून होता.