रोबोटिक्सचा क्लास, आठ महिन्यांनंतर: चटक्यांची काळजी घेतात, बाकीची मागावी लागली

लेक अकरा वर्षांची आहे. आठ महिने ती कोडिंग-रोबोटिक्सच्या क्लासला जातेय, आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष आणि एक दिवस ऑनलाइन. शिकवणं चांगलं आहे. काळ्या रेषेवरून चालणारी गाडी तिने स्वतः बनवली. ती वळणावर अजून भरकटते, पण तो आमचा घरगुती प्रश्न. मला लिहायचंय ते मुलं तिथे किती सांभाळली जातात याबद्दल, कारण डेमो लेक्चरला मी यातलं एक अक्षरही विचारलं नव्हतं. किट घरी न्यायला मिळेल का, एवढं विचारून परत आले. क्लासचं नाव मुद्दाम देत नाही.

आधी चांगलं सांगते. सोल्डरिंगचं, म्हणजे धातू वितळवून तारा आणि भाग जोडायचं, टेबल बघण्यासारखं आहे. एका टेबलाला दोनच मुलं, शेजारी एक मोठं माणूस उभं. केस बांधलेले, चष्मा असला तरी त्यावरून गॉगल, आणि आयर्न, म्हणजे सोल्डरिंगची तापलेली कांडी, हातातून सुटलं की स्टँडमध्येच जायचं. टोक साधारण ३५० अंशांवर असतं. ओल्या स्पंजवर पुसलं की चर्र होतं. मुलं आधी त्या आवाजाला दचकतात आणि मग मजा म्हणून पुन्हा पुन्हा पुसत बसतात. एकाला सरांनी तेवढ्यावरून उठवलं आणि उरलेला तास नुसतं बघायला लावलं. मला ते आवडलं.

धूर ओढून घेणारा पंखा टेबलावरच आहे. तो धूर शिशाचा असतो असं मी समजत होते. सरांनी सांगितलं, एवढ्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. धूर फ्लक्समधल्या (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात तो पदार्थ) रोझिनचा, म्हणजे राळेचा असतो आणि तो दम्याला वाईट. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. म्हणून लहान बॅचला बिनशिशाचं सोल्डर देतात. शिशाचं १८३ अंशांना वितळतं, याला २१७ च्या आसपास लागतात, त्यामुळे मुलांना जरा झगडावं लागतं. तरी तेच देतात, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू देत नाहीत.

बटण सेल मोजून देतात आणि मोजून परत घेतात. मला आधी हा चिकटपणा वाटला होता. लिथियमचा तो २० मिलिमीटरचा चपटा सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. न्यायला येणाऱ्या पालकांच्या कडेवर धाकटी भावंडं असतात, ती खाली उतरतात आणि जमिनीवरचं काहीही तोंडात घालतात. आता आमच्या घरीही मोजून ठेवते.

म्हणजे वस्तूंच्या बाबतीत क्लास चोख. माणसं आणि अकाउंटं यांच्या बाबतीत मात्र आनंदी आनंद.

तिसऱ्या महिन्यात ऑनलाइन तासाला तिच्या लॅपटॉपला किटमधला सर्किट बोर्ड सापडेना. क्लासमध्ये मदतीला कॉलेजची मुलं येतात, मुलं त्यांना दादा-ताई म्हणतात. त्यातल्या एका दादाने तिला रिमोटचं, म्हणजे दुसऱ्याचा लॅपटॉप लांबून चालवायचं ॲप उतरवायला सांगितलं, तिने स्क्रीनवरचा नंबर वाचून दाखवला, त्याने तिकडून ड्रायव्हर (बोर्ड ओळखायला लागणारा प्रोग्रॅम) टाकला. पाच मिनिटांत काम फत्ते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मला कौतुक वाटत होतं.

पाचव्या महिन्यात लॅपटॉप रेंगाळायला लागला म्हणून नको ते प्रोग्रॅम काढायला बसले, तर ते ॲप तिथेच. नुसतं पडून नव्हतं. लॅपटॉप लावला की आपोआप सुरू होत होतं आणि त्यात कायमचा पासवर्ड घातलेला होता. ज्याला तो माहीत आहे त्याला आत यायला इकडून कोणी ‘हो’ म्हणण्याची गरजच नव्हती. हा लॅपटॉप तिच्या खोलीत, पलंगासमोर उघडा असतो. कॅमेऱ्यासकट.

काढून टाकण्याआधी जोडण्यांची नोंद पाहिली आणि तिचे फोटो काढून ठेवले. त्या तासानंतरची एकही जोडणी नव्हती. मग ॲप काढलं आणि सगळे पासवर्ड बदलले. लेकीला विचारलं तर म्हणाली, “दादा म्हणाला, पुढच्या वेळी परत नंबर वाचत बसायला नको.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“अगं, पण तो क्लासचाच दादा आहे ना?”

त्या मुलाच्या मनात काही वाईट होतं असं मला वाटत नाही, आजही नाही. त्याने सोय पाहिली. पण माझ्या मुलीच्या खोलीत कोण डोकावू शकतं हे एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या चांगुलपणावर सोडून द्यायचं, याला व्यवस्था म्हणत नाहीत. त्याला कोणी ‘हे करायचं नाही’ असं सांगितलेलंच नव्हतं. आयर्न कुठे ठेवायचं याचा तक्ता भिंतीवर होता, याचा नव्हता.

फोन केला तर उत्तर मिळालं, “सगळीकडे असंच करतात मॅडम.” मग फोटो जोडून ईमेल लिहिला. तिसऱ्या दिवशी प्रमुखांचा फोन आला, त्यांनी सरळ चूक मान्य केली. आता रिमोट घ्यायचा तर पालक खोलीत हवेत, नंबर त्या वेळेपुरता, आणि तास संपायच्या आत ॲप काढायचं. हे नीट पाळतात, मी दोनदा पाहिलंय. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. बाकीच्या पालकांना लॅपटॉप तपासायला सांगा म्हटलं, तर “उगाच घबराट होईल.” आठवडाभर मागे लागल्यावर निरोप गेला. माझ्या ओळखीच्या दोन घरांत ते ॲप तसंच निघालं.

एकदा बघायला लागलं की मग दिसतच जातं. पहिल्याच दिवशी मुलांची स्क्रॅचवर (मुलांना कोडिंग शिकवणारी वेबसाइट) अकाउंटं काढली होती. तेरा वर्षांखालच्या मुलाचं अकाउंट काढताना तिथे पालकांचा ईमेल मागतात. ते टाळायला जन्मवर्ष थापा मारून टाकायला लावलं, आणि युजरनेम म्हणून पूर्ण नाव. खरं नाव वापरू नका असं स्क्रॅच स्वतः सांगतं, शिक्षकांसाठी वेगळं अकाउंट देतं ज्यातून ईमेलशिवाय मुलांची अकाउंटं काढता येतात. दहा मिनिटांचं काम. त्याऐवजी मुलांना पहिला धडा मिळाला तो वय खोटं सांगण्याचा. सध्याच्या बॅचची अकाउंटं नव्याने काढलीत. लेकीचे जुने तीन प्रोजेक्ट हलवताना एक हरवला, त्यावरून दोन दिवस अबोला होता. माझ्याशी, क्लासशी नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपचंही तेच. कंपनीच्या नियमाप्रमाणे वापरायला वय १३ पूर्ण हवं. आमची बॅच दहा ते बारा. काही मुलं स्वतःच्या नंबरने ग्रुपवर, म्हणजे तो नंबर तीसेक अनोळखी घरांपुढे उघडा. शंका विचारायची तर दादाला थेट मेसेज, उत्तर रात्री दहाला. आता ग्रुपवर फक्त पालक आहेत आणि मुलांशी एकेकट्याने चॅट बंद.

जाता जाता, हा १३ चा आकडा काही मानसशास्त्रातून आलेला नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही, असा कायदा अमेरिकेत १९९८ मध्ये झाला आणि २००० मध्ये लागू झाला. मग बऱ्याच ॲपवाल्यांनी सगळीकडे तीच रेघ ओढली. युरोपच्या २०१८ पासूनच्या नियमात मूळ वय १६ आहे, देशांना ते १३ पर्यंत खाली आणता येतं. तेव्हा लेक तेरा वर्षांची झाली की मी हात झटकणार, असं काही नाही.

प्रत्यक्ष वर्गात फारशी कुरकुर नाही. दाराला काच आहे, वर्गात कायम दोन मोठी माणसं असतात, न्यायला कोण येणार ते आधी कळवावं लागतं. माझ्या भावालासुद्धा एकदा दारात थांबवून मला फोन केला होता. तो चिडला, मी खूश झाले. ऑनलाइनला प्रतीक्षा कक्ष आहे आणि मुलांचं आपसातलं खासगी चॅट बंद आहे. रेकॉर्डिंग कुठे आणि किती दिवस ठेवतात, याचं मात्र दर वेळी वेगळं उत्तर मिळतं.

न सुटलेली मोठी गोष्ट म्हणजे मदतनीसांची पडताळणी. कायम शिक्षकांची कागदपत्रं आणि आधीच्या कामाची चौकशी होते. दादा-तायांबद्दल विचारलं तर “ओळखीतलीच मुलं आहेत.” दोनदा लिहून झालंय, हालचाल नाही. तक्रार कोणाकडे करायची याचा कागद आता दारावर लागलाय. त्यावर न शिकवणाऱ्या एका बाईंचं नाव आहे, हे बरं केलं. पण लावलाय मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. तोही खाली घ्यायला सांगितलाय.

पाचपैकी साडेतीन. पडताळणी झाली तर चार.

पुढच्या सत्राचा फॉर्म परवा भरला. नवीन फॉर्ममध्ये फोटोच्या संमतीचा रकाना आहे. आधी विचारतच नव्हते, गळ्यातल्या नावाच्या पट्टीसकट फोटो थेट सोशल मीडियावर. मी ‘नाही’ वर खूण केली. लेकीने वाचलं, पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं: ‘गाडीचा चालेल. वळताना काढू नका.’