आरव्हीत नवी गॅस फर्नेस बसवून सात महिने झाले, त्याचा अनुभव

साताऱ्याच्या घरी आई झोपण्याआधी स्वयंपाकघरात शेवटची फेरी मारते आणि रेग्युलेटरचा खटका बंद करते. हे कधी चुकत नाही. माणसं झोपली की गॅस बंद, हेच बघत मी मोठा झालो. त्यामुळे अमेरिकेत मिनेसोटात जुना ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, आरव्हीचाच एक प्रकार) घेतला आणि थंडीत मुलांना घेऊन त्यात झोपायचं तर रात्रभर गॅसवरची फर्नेस, म्हणजे खोली तापवणारं यंत्र, पेटती ठेवावी लागते हे कळलं, तेव्हा मन तयार होत नव्हतं.

ते मन बरोबरच सांगत होतं, हे सप्टेंबरात कळलं. लेक सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्यावर, टू हार्बर्सच्या थोडं पुढे मुक्काम होता. रात्री तीनला कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूचा अलार्म वाजला. चार टोले, जरा थांबून पुन्हा चार. मुलांना पांघरुणासकट उचलून ट्रकमध्ये बसवलं, टाकीचा वॉल्व्ह बंद केला, ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला. अग्निशमन दलाची माणसं मीटर घेऊन आत गेली, तर फर्नेसच्या कपाटापाशी आकडा सगळ्यात जास्त. बायकोचं डोकं संध्याकाळपासून दुखत होतं. दिवसभर डोंगर चढल्यामुळे असेल, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

ट्रेलर २००६ चा, फर्नेसही त्याच वयाची. अलार्म मात्र मी ट्रेलर घेतला त्याच आठवड्यात बदलला होता, कारण जुन्याच्या पाठीवरची तारीख केव्हाच उलटली होती. जुना ट्रेलर घेणाऱ्यांनी पहिलं काम हे करावं. या अलार्ममधल्या सेन्सरला वय असतं. टेस्टचं बटण दाबल्यावर आवाज येतो, त्याचा अर्थ भोंगा ठीक आहे एवढाच. सेन्सर जिवंत आहे की नाही ते त्यातून कळत नाही. आणखी एक गोष्ट मी नंतर वाचली. यूएल २०३४ या अमेरिकी मानकाप्रमाणे हवेत ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) मोनॉक्साइड असेल तर अलार्म एक ते चार तासांत वाजायला हवा. १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे अलार्म वाजला त्याच्या बराच आधीपासून आम्ही ती हवा घेत होतो. आता त्या अलार्मच्या जोडीला कमी पातळीचा आकडा दाखवणारा वेगळा मीटर बिछान्याच्या उंचीवर लावला आहे. अलार्म काढलेला नाही, दोन्ही आहेत.

नवी फर्नेस घेण्याआधी तिचं काम कसं चालतं ते समजून घेतलं. आरव्हीच्या फर्नेसमध्ये दोन हवा असतात आणि त्या एकमेकींना भेटता कामा नयेत. एक हवा बाहेरची. ती भिंतीतल्या व्हेंटमधून, म्हणजे बाहेर उघडणाऱ्या तोंडातून, आत येते, बंद पेटीत प्रोपेन गॅसबरोबर जळते आणि त्याच व्हेंटच्या दुसऱ्या नळीतून बाहेर जाते. दुसरी हवा खोलीतली. पंखा ती ओढतो, त्या तापलेल्या पेटीच्या बाहेरून फिरवतो आणि नळ्यांमधून पुन्हा खोलीत सोडतो. मध्ये फक्त पत्रा. त्या पत्र्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात, आणि सगळी सुरक्षितता त्याच्यावर आणि व्हेंटच्या जोडावर उभी असते. गॅसच्या शेगडीवर किंवा व्हेंट नसलेल्या हीटरवर खोली गरम करणं आणि हे, यांत हाच फरक आहे. तिथे ज्योत आपल्याच खोलीतला ऑक्सिजन घेते आणि धूर, वाफ आपल्यालाच परत देते. आपल्याकडे छोट्या न्हाणीघरात खिडकी बंद करून गॅस गीझर लावल्याने माणसं जातात ती याच कारणाने.

आमच्या जुन्या फर्नेसमध्ये या दोन्ही जागा गेल्या होत्या. परवानाधारक आरव्ही तंत्रज्ञाने ती उघडली, तेव्हा एक्स्चेंजरला वेल्डजवळ केसासारखी चीर सापडली. बाहेर काढताना दुसरी गोष्ट दिसली, आणि ती मला जास्त लागली. फर्नेस जमिनीला ज्या स्क्रूंनी धरलेली असायला हवी ते स्क्रूच नव्हते. आधी कुणीतरी दुरुस्तीला काढली असावी आणि नुसती सरकवून ठेवली असावी. रस्त्याच्या हादऱ्यांनी ती बोटभर मागे आली होती आणि धूर बाहेर नेणारी नळी तोंडापासून जवळजवळ सुटली होती. चार स्क्रू.

नवी घेताना मोह झाला तो जास्त बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप) घेण्याचा. जुनी ३०,००० ची होती, मिनेसोटाची थंडी, मग ४०,००० ची का नको? तंत्रज्ञाने नको म्हटलं आणि कारण पटलं. प्रत्येक फर्नेसला किती गरम नळ्या हव्यात आणि खोलीतून हवा परत यायला किती चौरस इंच जागा हवी, हे तिच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. चार इंची एका नळीचं तोंड म्हणजे साधारण साडेबारा चौरस इंच. आमच्या ट्रेलरमध्ये अशा चार नळ्या. मोठी फर्नेस बसवली असती तर तिची उष्णता बाहेर पडायला वाट पुरली नसती, पेटी जास्त तापून लिमिट स्विचने गॅस सारखा तोडला असता, आणि अशा तापण्या-निवण्यानेच पत्र्याला चिरा जातात. म्हणून तेवढ्याच ताकदीची घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या सात महिन्यांत मला जे मिळालं ते नावापेक्षा बसवण्यातून मिळालं.

कामाची वाटणी अशी केली: सुतारकाम, नळ्या आणि वायरिंग माझ्याकडे; गॅसचा जोड, दाब तपासणं आणि पहिल्यांदा पेटवणं तंत्रज्ञाकडे. घरच्या हत्यारांनी सगळंच करता येतं असं सांगणारे भेटतात. पाना फिरवता येतो, हे खरं. पण दाब मोजायचं मॅनोमीटर आणि जळणं तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही, आणि ते नसताना गॅस जोडून मुलांना शेजारी झोपवणं मला मान्य नाही.

जुनी काढल्यावर कपाट रिकामं झालं, तेव्हा आधी सगळ्या फटी भरल्या. गॅसची तांब्याची नळी जमिनीतून येते तिथे रबरी कडं घातलं आणि सील केलं. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, खाली साठतो. म्हणून गॅसचा अलार्म जमिनीलगत असतो. पुस्तिकेत लाकडापासून जेवढं अंतर ठेवायला सांगितलं होतं ते ठेवायला एका बाजूची फळी कापावी लागली. आधीचे मालक या कपाटात झाडू आणि पिशव्या ठेवायचे. आम्ही तिथे जाळीचं दार स्क्रूने बंद केलं, म्हणजे कुणाला काही ठेवताच येणार नाही.

व्हेंटला सगळ्यात जास्त वेळ दिला. भिंतीची जाडी जुन्या नळीच्या हिशोबाची होती. नवी नळी फर्नेसच्या तोंडात पुस्तिकेत सांगितली तेवढी आत जाते का, हे फर्नेस स्क्रूने पक्की केल्यावरच तपासलं. आधी तपासून उपयोग नाही, ती आवळताना सरकते. बाहेरच्या टोपीखाली नवी गॅस्केट, चारी बाजूंनी सीलंट. मग लक्षात आलं की ट्रेलरचं दार पूर्ण उघडलं की त्याची कड बरोबर व्हेंटवर येते. धूर इतका गरम असतो की दार भाजेल, आणि त्याहून वाईट म्हणजे वाट अडेल. दाराला अलीकडेच थांबवणारा अडसर लावला. खिडकीखाली तंबूची खोली जोडायची पद्धत इथे खूप आहे. व्हेंट असलेल्या बाजूला आम्ही ती कधीच लावत नाही.

गॅसचा जोड तंत्रज्ञाने माझ्यासमोर केला. फ्लेअर जोडाला (नळीचं तोंड फुलवून केलेल्या जोडाला) टेप लावायची नसते. तिथे धातूवर धातू बसतो, टेप लावली की उलट गळतं. आट्यांच्या जोडाला गॅससाठीचाच सीलंट. दोन पाने, एक धरायला, एक फिरवायला, म्हणजे नळी पिळली जात नाही. मग मॅनोमीटर. सगळी उपकरणं चालू असताना दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका हवा. आमचा साडेअकरा येत होता, तो रेग्युलेटरवर नीट केला. मग वॉल्व्ह बंद करून काटा हलतो का ते पाहिलं. हलला नाही. शेवटी साबणाचं पाणी. इथे मला घरची आठवण झाली, नवा सिलिंडर लावला की आई बोटाने फेस लावून बघायची. फक्त अमोनिया असलेला साबण पितळेला वापरू नये, त्याने चिरा पडतात. म्हणून तंत्रज्ञाकडे खास द्रावण होतं.

नळ्यांचं काम साधं होतं. एक पलंगाखाली चेपली होती, एकीला मुरड पडली होती. दोन्ही बदलल्या, ताणून सरळ बसवल्या.

ऑक्टोबरात आई आमच्याकडे आली होती, तेव्हा गूजबेरी फॉल्सला दोन रात्री गेलो. झोपायच्या वेळी ती म्हणाली, "अरे, रात्रभर गॅस चालू ठेवून झोपायचं? पोरं आहेत आत." मी तिला बाहेर नेऊन व्हेंट दाखवला, त्यातून येणारी गरम वाफ लांबून दाखवली. "आई, जळलेलं सगळं इथून जातं. आत येते ती नुसती ऊब." ती काही बोलली नाही. रात्री एकदा मला जाग आली तेव्हा ती मीटरचा आकडा बघत बसली होती. शून्य होता. सात महिन्यांत तो शून्याच्या वर गेला तो दोनदाच, दोन्ही वेळा कांदा परतताना, शेगडीमुळे. आता शेगडी पेटवली की छताचा पंखा आणि खिडकी दोन्ही उघडतो, थंडी कितीही असो.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. बाहेर उणे १८ अंश, आत १९. वीसपौंडी टाकी साधारण तीस तासांत संपत होती, तेव्हा त्या दिवसांत तीन टाक्या घेऊन जाव्यात. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो, म्हणून इथे तो चालतो. भारतातले मित्र कॅम्पर व्हॅनसाठी विचारतात त्यांना मी हेच आधी सांगतो: आपल्या घरगुती एलपीजीत ब्यूटेनही असतो, आणि शुद्ध ब्यूटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो. स्पितीच्या हिवाळ्यात तो सिलिंडर भरलेला दिसेल, पण फर्नेसला पुरेसा गॅस देईलच असं नाही. शिवाय तो सिलिंडर आतल्या उपकरणाला आपल्याच हिशोबाने जोडणं अजिबात नको.

त्याच मुक्कामात विजेचं कनेक्शन नसलेल्या रात्री पहाटे चारला फर्नेसचा पंखा फिरत होता, पण ज्योत पेटत नव्हती. बॅटरी १०.६ व्होल्टवर आली होती. पंखा मंद झाला की आतली सेल स्विच नावाची, शिडासारखी पाती हवेने ढकलली जात नाही, आणि ती ढकलली गेल्याशिवाय गॅसचा वॉल्व्ह उघडतच नाही. थंडीत कुडकुडलो, पण मला ते आवडलं. हवा फिरत नसताना ज्योत पेटू न देणं हेच तर हवं. काही लोक ही पाती तारेने जोडून टाकतात. कृपा करून तसं करू नका. मी बॅटरी बदलून सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून बसवल्या आणि फर्नेसची वायर जाड केली. पंखा साडेसात अँपियर घेतो. अर्धा वेळ चालला तरी बारा तासांत ४५ अँपियर-तास जातात, हा हिशोब मी आधीच करायला हवा होता.

तक्रार एकच, आवाज. पंखा सुरू झाला की हलकी झोप मोडते. धाकटी दोन रात्री रडली, मग सवय झाली. दक्षिण डकोटाच्या बॅडलँड्समध्ये वारा सरळ व्हेंटवर येत होता तेव्हा ज्योत दोनदा विझली. फर्नेसच्या सर्किट बोर्डाने थांबून पुन्हा पेटवली. सकाळी ट्रेलर फिरवून लावला.

प्रवासात टाकीचा वॉल्व्ह बंद असतो. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी तर नक्कीच, मग शंभर फुटांसाठी का असेना. बर्फ पडला की दर दोन तासांनी व्हेंटभोवतीचं फावड्याने काढतो.

मागच्या आठवड्यात थंडी संपल्यावर टोपी काढून आत टॉर्च मारली. चिखलाची घरटी करणारी गांधीलमाशी इथे फर्नेसच्या व्हेंटमध्ये घर करते, म्हणून. घरटं नव्हतं, काजळी नव्हती. बाजारात त्यासाठी जाळ्या मिळतात, पण आमच्या पुस्तिकेत त्या लावायला मनाई आहे, हवा अडते म्हणून. तेव्हा जाळी नाही, वर्षातून दोनदा टॉर्च. चारी स्क्रू हाताने तपासले. एक पाव वेढा सैल झाला होता, तो आवळला आणि तारीख पेनने फर्नेसच्या अंगावर लिहिली.