भाड्याची सीपीएम मशीन: वस्तू चांगली, बसवणं घाईचं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सर्जिकल दुकानातून घरपोच येणारी गुडघ्याची सीपीएम मशीन, म्हणजे मोडलेल्या हाडाच्या ऑपरेशननंतर पाय आपोआप वाकवून-सरळ करत सांधा हलता ठेवणारं यंत्र, काम चोख करते. बसवायला येणारा माणूस मात्र पेशंटचा पाय त्यात ठेवतो, बटण दाबतो आणि निघतो. तेवढ्यानं भागत नाही.

मशीनचा सांधा गुडघ्याच्या सांध्यासमोरच यायला हवा. त्यासाठी मांडीची लांबी टेपनं मोजून दांडा सरकवायचा, खिट्टी घट्ट करायची. दोन-तीन सेंटीमीटर चुकले की पाय पट्ट्यात घासत राहतो आणि पडद्यावर 90 अंश दिसले तरी गुडघा तेवढा वाकलेलाच नसतो. फिजिओथेरपिस्टकडून गोनिओमीटरनं (सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीनं) एकदा तपासून घ्याच.

पेठेतल्या घरची कापसाची गादी मशीनखाली खचते. खाली प्लायवूड टाका. पाय बाहेर कलला की गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाला लागून जाणारी नस दांड्यावर दाबते. मुंग्या आल्या किंवा पंजा वर उचलेना, तर मशीन बंद आणि डॉक्टरांना फोन. थांबवायचं बटण पेशंटच्याच हातात हवं.

सुरुवात बहुधा 0 ते 30-40 अंश, वेग सगळ्यात कमी. पुढची वाढ सर्जन ठरवणार, कारण प्लेट-स्क्रूनं हाड किती पक्कं धरलंय हे त्यांनाच माहीत. शेजाऱ्याच्या गुडघ्याचा आकडा इथं चालत नाही. शिवाय मशीन सांधा हलवते, स्नायूला ताकद देत नाही; मांडी आवळायचा व्यायाम वेगळा करायचाच.

पायाखालचं लोकरी अस्तर धुऊन पुन्हा देतात, हे खटकलं. नवीन मागून घ्या. लाईट गेली तर पाय वाकलेल्या जागीच थांबतो. तो दोन्ही हातांनी आधार देऊन कसा काढायचा, हे मशीन आणणाऱ्याकडून घरच्यांनी आधीच करून बघावं.