मगरीसाठी जलरंग की लिनोकट?
वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीतली मगर चितारायची, तर जलरंग घ्यावेत की लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून काढलेला छाप)? जलरंगाचं सामान झोळीत मावतं. हिवाळ्यात मगरी काठावर ऊन खात पडतात, तेव्हा पुलावरूनच रंगवावं (खाली उतरायचं धाडस नको!). गढूळ पाणी, झुडपं, मातीचा कच्चा काठ सगळं एकत्र येतं. मगर बिळं करते, अंडी घालते ती याच मातीत. काठ वगळला तर नुसतं जनावर उरतं.

लिनोकटमध्ये पाठीवरचे खवले झकास उठतात. एका ठशातून पुष्कळ प्रती निघतात, म्हणून दांडिया बाजारातल्या गणपतीच्या आराशीला किंवा शाळांत वाटायला तोच बरा. मात्र उलटं कोरावं लागतं आणि चुकलेली रेघ पुसता येत नाही.

मी जलरंगच घेईन. मातीचा काठ काँक्रीटचा झाला, तर मगर अंडी घालणार कुठे, हे रंगांत चटकन दिसतं.